शेवट सांगू नका

हा माणूस दारू पीत नव्हता. कधीच नाही.

व्यक्तिचित्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत मी पुष्कळांवर लिहिलं आहे आणि प्रत्येकाचं नाक, चष्मा, चालण्याची ढब वगैरे पहिल्या परिच्छेदातच उरकलं आहे. पण आता माझं वय झालं. लेख अर्धा टाकून मी गेलो तर निदान हे एक वाक्य तरी मागे राहायला हवं, म्हणून ते आधी लिहिलं. आता नाकाकडे वळायला हरकत नाही.

नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "शॉमबर्गातल्या लोकांना कळेलच, आणि बाकीच्यांना कळून करायचंय काय?" असं त्यांचं म्हणणं.

आमची ओळख ऑफिसातली. एकाच मजल्यावर आम्ही दोघेच मराठी, ते माझ्याहून थोडे मोठे. मीटिंगला सगळे खुर्च्यांवर बसत आणि हे गृहस्थ भिंतीला पाठ न लावता उभे राहत. कोणी खुर्ची पुढे केली तर ती ते शेजारच्याला देऊन टाकत. शर्टाच्या खिशात पेनांच्या शेजारी दोन हिरव्या मिरच्या असत. चर्चा रंगात आली, म्हणजे कंटाळवाणी झाली, की ते एक मिरची काढून कचकन चावत आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी चेहरा तसाच ठेवत. आमच्या अमेरिकन मॅनेजरला पहिले काही महिने वाटत होतं की बजेटची कपात या माणसाच्या फार मनाला लागते.

शॉमबर्ग हे शिकागोचं उपनगर, इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. तिथे हे गाडी चालवत नसत. लायसन्स होतं, गॅरेजमध्ये गाडी होती, पण ती वहिनी चालवायच्या. उन्हाळ्यात ते रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगारांसारखं चमकतं केशरी जाकीट घालून मोठ्या रस्त्याच्या कडेने चालत ऑफिसला येत. पोलिसांनी थांबवून विचारलं तर म्हणत, "आय ॲम फाइन, ऑफिसर. आर यू?" हिवाळ्यात मात्र मी त्यांना माझ्या गाडीतून नेत असे. गाडी ड्राइव्ह-वेतून मागे घेऊन रस्त्याला लागेपर्यंत त्यांची मान छातीवर आलेली असायची. सीटबेल्ट लावला की हा माणूस बंद पडतो, असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि लोक हसत. लोकांनी हसावं ही माझी त्या काळातली मुख्य गरज होती.

मी मंडळाचा विनोदी माणूस. संक्रांतीच्या कार्यक्रमातले फिशपॉन्ड दरवर्षी मीच लिहायचो. इथे वाढलेल्या मुलांना सांगायचं तर, स्टेजवरून एकेकाला उभं करून त्याच्यावर निनावी चिमटा वाचायचा आणि त्याने तो हसत झेलायचा, असा हा प्रकार. आमच्या कॉलेजांतून आम्ही तो सुटकेसमध्ये घालूनच आणला. या गृहस्थांसाठी वर्षाला एक राखीव असायचा. 'मंडळाची सगळी नाटकं पाहिलेले एकमेव सभासद – स्वप्नात' हा माझा सगळ्यांत गाजलेला. तो वाचला तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, तर ते जागेवर नव्हते. फिशपॉन्ड सुरू झाले की ते दरवर्षी पार्किंग लॉटमध्ये जाऊन थंडीत उभे राहत. आम्ही म्हणायचो, कातडी पातळ आहे.

विनोदाशी त्यांचं असं वाकडं होतं खरं, पण गंमत म्हणजे त्यांना विनोद आवडायचे. कोणी किस्सा सुरू केला की ते जवळ येऊन उभे राहत आणि अगदी मन लावून ऐकत. गोष्ट शेवटाला आली की मात्र तळहात वर करून म्हणत, "बास. शेवट सांगू नका." आणि तिथून निघून जात. एकदा गाडीत मी त्यांना एक लांबलचक किस्सा सांगत होतो (त्या दिवशी चुकून जागे होते), आणि शेवटाच्या आधी त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. मी विचारलं, अहो, मग ऐकता कशाला? तर म्हणाले, "अर्धा पण छान होता." इतका चमत्कारिक माणूस मी पाहिला नव्हता. पण का, असं मात्र मी एकदाही विचारलं नाही. चमत्कारिक म्हटलं की विचारायचं काम संपतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाची रविवारची मराठी शाळा धरली. शाळा म्हणजे एका इमारतीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. तिथे येणारी मुलं घरी आईबापांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे वर्गात त्यांना इंग्रजी येईनासं झालं. आयुष्य अमेरिकन ऑफिसात घालवलेला हा माणूस 'मे आय गो टु द बाथरूम'ला कपाळावर आठ्या घालून "काय म्हणालात? कळलं नाही" असं विचारायचा. दुसरी म्हणजे ते प्रत्येक मुलाला अहोजाहो करत. सात वर्षांच्या पोराला, "काय हो, गृहपाठ केलात का? नाही? बरं, तब्येत कशी आहे?" मुलं बेहद्द खूश. आपल्याला कोणी 'तुम्ही' म्हणतं, या एका सुखासाठी ती रविवारी पहाटे उठायला तयार असत. एरवी मरगळलेले दिसणारे हे गृहस्थ वर्गात सारखे चालत बोलायचे. वर्गाआधी आणि वर्गानंतर ते खाली वहिनींच्या गाडीत झोप काढत, हे आम्हाला माहीत होतं आणि अर्थातच आम्ही हसत होतो. कधी एखादं पोर फारच मजेदार बोलून गेलं तर ते बाकाला धरून अलगद खाली, जमिनीवर बसत. मुलांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता: आजोबा खाली बसले म्हणजे जोक भारी होता. मोठ्यांपैकी कोणालाही जे दिसलं नाही ते मुलांनी पहिल्या महिन्यात पाहिलं होतं. फक्त त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

आता दिवाळीची पार्टी. ती एका ओळखीच्यांच्या बेसमेंटमध्ये होती आणि मी भलताच रंगात होतो. एका कोपऱ्यात ज्यांना चालते त्यांची सोय होती, दुसऱ्या कोपऱ्यात ताकाचा जग. या गृहस्थांना मी स्वतः जगातून पेलाभर ताक ओतून दिलं आणि तसाच जग हातात धरून किस्सा सुरू केला. सासुरवाडीचा होता, चांगला होता. शेवट आला तेव्हा त्यांचा तळहात वर गेला. त्या दिवशी मी थांबलो नाही. उलट दोन पावलं पुढे होऊन, त्यांच्या तोंडावर, मोठ्याने शेवट सांगितला.

त्यांचा जबडा सैल पडला, मान कलंडली, आणि दोरीवर टाकलेला शर्ट घसरावा तसे ते खाली आले. पेला कार्पेटवर लवंडला. बायका धावल्या. कोणीतरी विचारलं, काय झालं? आणि मी ताकाचा जग हातात धरून म्हणालो, "काही नाही, थोडी जास्त झालेली दिसते."

मोठा हशा झाला. मला मिळालेल्या हशांपैकी तो एक मोठा होता. मिनिटभराने ते उठून बसले, झब्बा नीट केला, वहिनींना म्हणाले, "चला." आणि गेले.

मी दारूचा कोपरा पाहिला होता, ते तिकडे फिरकलेसुद्धा नव्हते हेही पाहिलं होतं. पेल्यात काय आहे हे त्या घरात माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. तरी पुढच्या आठवड्यात शाळेचं काम पाहणाऱ्या बाईंचा फोन आला, की तुम्ही अगदी जवळ उभे होतात, पालक विचारतायत, खरंच घेतलेली होती का? तेव्हा "अहो बाई, ताक होतं ते" एवढं म्हणायला मला काय झालं होतं? मी म्हणालो, "मी काय सांगू? मुलांचा प्रश्न आहे, तुम्ही बघा काय ते." खोटं बोललो नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो.

त्यांचा वर्ग काढून घेतला. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मुलांसाठी हाताने रंगवलेली अक्षरांची कार्डं होती; ती खोक्यात भरून नव्या शिक्षिकेच्या दारात नेऊन दिली, वर प्रत्येक मुलाला काय आवडतं तेही सांगितलं. नंतरही ते मंडळाच्या कार्यक्रमांना येत राहिले, मागे उभे राहत राहिले. पालक मुलांना जरा लांबून नेत. मला भेटले की नेहमीसारखंच विचारत, काय, कसं काय? मी समजलो, यांना काही माहीत नाही. मला ते सोयीचं होतं.

अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यातली तळ्याकाठची पिकनिक. सकाळची वेळ, लख्ख ऊन. आमचे अध्यक्ष एका हातात भेळेची प्लेट आणि दुसऱ्या हातात माइक धरून मंडळाच्या कार्याचा आढावा घेत होते. इलिनॉयच्या तळ्यांवर ते मोठे राखाडी हंस असतात. ते कोणाच्या बापाला भीत नाहीत. त्यांतल्या एकाला भेळेचा वास लागला. अध्यक्ष आढावा न थांबवता मागे सरकू लागले, हंस मान लांब करून पुढे. शेवटी अध्यक्ष माइकसकट पळाले, आणि स्पीकरवरून सगळ्या पार्कला ऐकू गेलं, "अहो, याला कोणी धरा हो!"

झाडाखाली उभे असलेले आमचे गृहस्थ कोसळले.

या विनोदाचा शेवट तळहात वर करून थांबवता येण्यासारखा नव्हता. घोळका जमला. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "सकाळी सकाळीच?" माझी मुलगी त्या दिवशी आमच्यासोबत आली होती. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. लोकांना झोपवून त्यांच्याकडे बघत बसायचा पगार घेते, असा तिच्या नोकरीवर माझा एक विनोद होता. ती लोकांना बाजूला करून गवतावर बसली, त्यांची मान सरळ केली आणि अगदी शांतपणे बोलू लागली.

"काका, तुम्हाला ऐकू येतंय, आय नो. येत असेल तर डोळे मिटा आणि उघडा."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"गुड. घाई नाही. आपोआप जाईल हे." मग वर बघून आम्हाला म्हणाली, "ही इज नॉट ड्रंक. ते बेशुद्ध पण नाहीत. ही कॅन हिअर एव्हरीथिंग. सो प्लीज, नीट बोला."

पुढचं सगळं मी ऐकलं, पण माझं मन त्या एका वाक्यापाशीच थांबलं. त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणजे दिवाळीलाही येत होतं.

ते उठून बसल्यावर तिने त्यांना मंडळाची कणसं भाजत होती त्या गाडीमागे सावलीत नेलं आणि विचारत गेली. हसल्यावरच होतं का? दिवसा झोप आवरत नाही? कितीही झोपलं तरी? झोप लागता लागता खोलीत कोणी उभं आहे असं दिसतं? जाग येते पण हातपाय हलत नाहीत, असं होतं? प्रत्येक प्रश्नाला त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटच्या दोन गोष्टी त्यांनी बायकोशिवाय कोणालाही सांगितल्या नव्हत्या. कोकणातल्या घरी, कॉलेजच्या वयात, छातीवर काहीतरी बसतं असं त्यांनी आईला सांगितलं होतं. आईने बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला आणि दंडाला काळा दोरा बांधला. हे इंजिनिअर झाले. एक तर भूत खरं, नाही तर आपलं डोकं फिरलेलं, यांतलं एकही अमेरिकेत कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मिरच्या, म्हणून उभं राहणं. एकदा लाल सिग्नलला डोळा लागला आणि मागच्यांच्या हॉर्नने जाग आली. घरी आल्यावर गाडीची किल्ली वहिनींच्या हातात दिली ती पुन्हा घेतली नाही. आम्ही ज्याला चक्रमपणा म्हणत होतो ती सगळी या माणसाने एकट्याने शोधून काढलेली औषधं होती, आणि शेजारी उभ्या माणसाला इजा होऊ नये म्हणून घेतलेली काळजी होती.

"याला नाव आहे, काका," मुलगी म्हणाली. "टेस्ट करावी लागेल, त्याशिवाय मी शुअर नाही सांगू शकत, आणि मी डॉक्टर नाही. पण मला वाटतं हे नार्कोलेप्सी आहे, झोपेचा आजार. पडता ना, तेही त्यातलंच."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे आळस नव्हे?"

"नो, काका. आळस नव्हे."

"आणि ते दुसरंही नव्हे?"

"भूत पण नव्हे."

वहिनी तोंडाला पदर लावून तळ्याकडे बघत राहिल्या. परत येताना गाडी मुलगी चालवत होती. घर आल्यावर इंजिन बंद करून म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे इतकी वर्षं हसलात. वन पर्सन कुड हॅव आस्क्ड." तिला तेव्हा ताकाचं माहीत नव्हतं.

ते आधी डॉक्टरांकडे गेले नव्हते असं नाही. पण तिथे फक्त थकवा येतो म्हणून सांगायचे. मग थायरॉइड तपासून व्हायचं, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळायच्या, लवकर झोपा असा सल्ला मिळायचा. हसलो की पडतो हे सांगायची लाज वाटायची. या वेळी मुलीने त्यांना बजावून पाठवलं, की नेमकं तेच सांगा, बाकी काही राहिलं तरी चालेल. डॉक्टरांनी तिथल्या तिथे झोपेच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं. तपासणी अशी, की एक रात्र डोक्याला तारा चिकटवून लॅबमध्ये झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंथरुणावर पडायचं. झोप किती पटकन लागते, कसली लागते, ते मोजतात. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे या गृहस्थांना लॅबमधून आणायला मी गेलो. खरं तर मी मागून घेतलं ते काम.

दुपार कलत आली होती. केसांत गोंदाचे ठिपके, अंगात चुरगळलेला शर्ट, पण चाल अशी की जणू सत्कार घेऊन येतायत. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा कोणी मला झोप म्हणालं. प्रत्येक वेळी दिवा मालवायचा अवकाश. परीक्षेत पहिला आलो बघा."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला विनोद. मला हसू आलं नाही. किल्ली फिरवली असती तर ते झोपले असते, म्हणून मी ती फिरवली नाही.

"दिवाळीला," मी म्हणालो, "तुम्हाला ऐकू आलं होतं."

"सगळं."

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दारू नाही, तर मग काय, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं." मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "ताक मात्र तुम्हीच ओतलं होतंत."

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी तळहात वर केला. "मला माफी घेऊन काय करायचंय? मला माझा वर्ग हवाय. ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा." एवढं बोलले आणि झोपले. घरापर्यंत मी एकटाच जागा होतो.

निदान मुलीने म्हटलं होतं तेच निघालं. औषधं सुरू झाली: दिवसा जागं ठेवणारं एक, आणि हसल्यावर गळून पडणं आवरणारं दुसरं. शिवाय दुपारची ठरलेली डुलकी. डॉक्टरने वामकुक्षी लिहून दिली, असं ते ज्याला त्याला अभिमानाने सांगू लागले. हा आजार मुळापासून जात नाही, डोस जुळवायला महिने लागले, मधे एकदा मळमळीने हैराण झाले. पण एके दिवशी त्यांचा फोन आला. "घरी या. शेवट घेऊन या."

मी गेलो. त्यांनी माझ्यासमोर सोफ्यावर बसून गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले अर्धे राहिलेले विनोद एकेक करून काढले. सगळे पाठ होते. त्या सरदारजीचं काय झालं? तो वकील शेवटी काय म्हणाला? मी शेवट सांगत गेलो. "इतकंच?" ते पुन्हा पुन्हा विचारत. "मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल." काही शेवट त्यांनी मनाशी रचून ठेवले होते आणि ते माझ्यापेक्षा चांगले होते. पण सासुरवाडीच्या त्या किस्स्यावर ते हसले. मान थोडी कलली, हात मांडीवर पडले, आणि तरी ते बसलेले राहिले आणि हसत राहिले. ते हसू काय वर्णावं? गॅरेजचं तेल न घातलेलं दार वर जाताना होतो तसा आवाज. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी तो आवाज कधी पुरता ऐकलेला नव्हता. "अग बाई," त्या म्हणाल्या, "किती वाईट हसता हो तुम्ही." आणि खुर्चीत बसून रडू लागल्या.

मग चहा आला. माझा कप माझ्यापुढे ठेवताना म्हणाल्या, "त्या दिवाळीपासून तुमच्या चहात मी मुद्दाम साखर घालत नव्हते. तुमच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, याचा मला जास्त राग." त्या दिवशी साखर होती. बरीच होती.

इथे एक माझीही गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की दुसऱ्याच्या झोपेवर लिहिलं. मी घोरतो. आमच्या घरात त्याला गाढ झोप म्हणत, आणि मला तिचा अभिमान होता. लॅबच्या वेटिंग रूममध्ये मी त्यांची वाट बघत बसलो असताना असा घोरलो आणि मधेच श्वास अडकून असा दचकलो, की समोरची रिसेप्शनिस्ट उठून उभी राहिली. मुलीने मग मला सोडलं नाही. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला, झोपेत श्वास वारंवार बंद पडत होता. आता मी नाकावर मास्क लावून, मशीन चालू करून झोपतो, आणि बायको म्हणते की घर इतकं शांत झालंय की मी आहे की नाही हे तिला हात लावून बघावं लागतं. सकाळी डोकं दुखायचं ते वयोमानाने, असं मी समजत होतो. तुमच्या घरात कोणी घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर कौतुक करू नका, डॉक्टरकडे न्या.

मंडळाची वार्षिक सभा झाली. अध्यक्षांनी विषय विचारल्यावर मी उभा राहिलो. मला लोक हसतील या अपेक्षेने उभं राहायची सवय. काही जण आधीच हसायला लागले. मी सांगितलं की त्या पेल्यात ताक होतं, ते मीच ओतलं होतं, आणि 'जास्त झाली' हे मीच म्हणालो होतो. विचारलं गेलं तेव्हाही गप्प राहिलो. हसणारे थांबले. शाळेच्या बाई मान खाली घालून बसल्या; त्यांची चूक नव्हती, हेही मी म्हणालो. मग व्हर्जिनियातल्या हर्नडनहून नुकत्याच बदली होऊन आलेल्या एका तरुण बापाने सरळ विचारलं, की काका, सॉरी, पण अजूनही पडू शकतात ना ते? मुलांसमोर?

प्रश्न रास्त होता. ते मागे उभे होते, तिथूनच बोलले. "पडू शकतो. क्वचित. मुलांना त्याचं काही वाटत नाही, तुम्हाला वाटतं. म्हणून वर्गात एक मोठा माणूस बसू दे." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे चालतील. यांना जरा गप्प बसायची सवय होईल."

वर्ग त्यांना परत द्यावा, यासाठी हात वर झाले. माझ्या कोणत्याही फिशपॉन्डला नाही इतका मोठा हशा त्यांच्या या वाक्याला मिळाला, आणि ते स्वतः त्यात उभे राहिले.

त्या सभेला काही लोकच होते. ती अफवा ऐकलेली माणसं पुष्कळ, काही दुसऱ्या गावी गेलेली. त्यांच्यापर्यंत स्मरणिकेचे अंक जातात, म्हणून हा लेख.

पहिल्या रविवारी वर्ग भरला. बहुतेक मुलं नवी, एक-दोन जुनी, आता उंच झालेली. पालक निघून न जाता दाराशी घुटमळत होते. यांनी हजेरीच्या आधी मुलांना सांगितलं, "हे बघा, तुम्ही फार मजेदार बोललात तर मी कदाचित खाली बसेन. ओरडायचं नाही, धावायचं नाही. जो वाचत असेल त्याने वाचत राहायचं. कळलं?" मुलं म्हणाली, "ओके." ते म्हणाले, "काय म्हणालात?" मुलं म्हणाली, "हो."

एक चिमुरडी धडा वाचायला उभी राहिली. धड्यात मांजर होतं. शेजारच्या पोराने हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्या मांजराला मराठी शाळेत घालायला पाहिजे, असं काहीतरी म्हटलं. वर्ग फिसकन हसला. त्यांच्या गुडघ्यांतलं बळ गेलेलं मला दिसलं. फळ्याखालची पट्टी धरायला हात गेला, सुटला, आणि ते भिंतीला घासत खाली बसले, हनुवटी छातीवर.

दाराशी एक आई पुढे झाली. मी हात आडवा धरला. कोणी ओरडलं नाही. त्या मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं, आणि वाचू लागली. अडखळत, बोट ठेवत, आख्खं पान वाचलं. बाकीची पोरं ऐकत बसली. एकाने नुसतं त्यांच्याजवळ सरकत जाऊन पडलेला खडू उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

पान संपलं. त्यांनी मान वर केली, खडू हातात घेतला, भिंतीच्या आधाराने सावकाश उभे राहिले आणि पँटची धूळ झटकली.

"छान वाचलंत," ते त्या मुलीला म्हणाले. "मधली एक ओळ मात्र गाळलीत. ती तेवढी वाचून दाखवा."